विस्टेरिया बोन्साय: मे ते फेब्रुवारीची नोंद

मे

ओमियाच्या बोन्साय मेळ्यातून विस्टेरिया घेतली, म्हणजे फुलांचे लांब जांभळे घोस लोंबणारी वेल. हा मेळा दर वर्षी ३ ते ५ मेच्या सुट्ट्यांत सैतामातल्या बोन्साय गावात भरतो. १९२३च्या भूकंपानंतर तोक्योतले बोन्सायवाले मोकळी जागा आणि चांगलं पाणी शोधत इथे आले आणि १९२५मध्ये हे गाव वसलं. रस्त्याच्या कडेला कुंड्या मांडलेल्या असतात, शंभरी गाठलेल्या पाइनपासून मुठीत मावणाऱ्या रोपापर्यंत. तोक्योत राहणाऱ्यांनी काही घ्यायचं नसलं तरी एकदा जाऊन याच.

मी घेतलेली जात ‘इस्साई फुजी’. ती लहान वयात आणि लहान कुंडीत फुलते, म्हणून नवशिक्याने हिच्यापासूनच सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. बियांपासून वाढवलेल्या विस्टेरियाला फूल यायला १० ते १५ वर्षं सहज लागतात. विकत मिळणारं रोप बहुधा कलमी असतं. कलमाचा जोड कुठे आहे आणि किती फुगलाय ते बोटाने चाचपून बघा. तो दर्शनी बाजूला येत असेल तर पुढे कायम खुपत राहतो. आणि शक्यतो फुलावर असलेलंच रोप घ्या. माझ्या रोपावर सुकत आलेले दोन घोस होते, मला तेवढा पुरावा पुरला.

नावाची पाटी हरवलेलं रोप हाती आलं तर वेलीचा वळसा बघा. वरून पाहिल्यावर जपानी विस्टेरिया घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने चढते, चिनी उलट दिशेने. जपानीच्या एका देठावर ११ ते १९ छोटी पानं असतात, चिनीच्या ७ ते १३.

खोड जेमतेम करंगळीएवढं आहे, उंची हातभर. याहून लहान झाड मुद्दामच घेतलं नाही. मेपलची पानं वर्षानुवर्षांच्या छाटणीने लहान होतात, विस्टेरियाचा घोस मात्र कितीही लहान कुंडीत ठेवा, फारसा लहान होत नाही. वीतभर झाडावर तेवढाच लांब घोस लोंबला तर झाड दिसतच नाही. फांद्याही मोजक्या आणि एकमेकींपासून लांब हव्यात, म्हणजे प्रत्येक घोसाला मोकळं लोंबता येतं.

जून

फुलं गळताच घोसांचे देठ कापले. शेंग धरू दिली की झाडाची ताकद तिकडे जाते. शिवाय शेंगा आणि बिया विषारी असतात, घरात लहान मूल असेल तर हे काम पुढे ढकलू नका.

खत म्हणून इथे मोहरीवर्गातल्या बियांच्या पेंडीचे गोळे मिळतात. आपल्याकडच्या पेंडीसारखाच वास! ही वेल तूर-हरभऱ्याच्या कुळातली, मुळांवरच्या गाठींतून स्वतःसाठी नत्र मिळवणारी. वरून आणखी नत्र दिलं तर पानं आणि वेलच सुटतात. म्हणून पेंड कमी आणि हाडांचा चुरा मिसळलेलेच गोळे घेतले. स्फुरद आणि पालाशावर भर.

जुलै, ऑगस्ट

विस्टेरियाचं सगळं वर्ष या दोन महिन्यांवर उभं आहे. फुलं दिसतात एप्रिलच्या अखेरीस, पण पुढच्या वर्षीचे फुलांचे डोळे उन्हाळ्यात तयार होतात. माझं माहेर निफाड तालुक्यातलं, घरी द्राक्षबाग. तिथे एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडीच्या डोळ्यात घड तयार होतो आणि ऑक्टोबरच्या छाटणीनंतर तो बाहेर येतो. त्यामुळे घड दिसण्याच्या कितीतरी आधी त्याचा निकाल लागलेला असतो, हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

पाण्याच्या बाबतीत मात्र आपल्याकडची सवय इथे बाजूला ठेवावी लागते. डाळिंब, मोसंबीला आपण ताण देऊन बहार धरतो. कुंडीतल्या विस्टेरियाला उन्हाळ्यात ताण पडला तर पानांच्या कडा करपतात आणि डोळे नीट तयार होत नाहीत. त्यासाठी इथले माळी उन्हाळाभर कुंडी उथळ पाण्यात ठेवतात, त्याला कोशिमिझु म्हणतात. मी प्लास्टिकच्या पसरट ट्रेमध्ये दोन बोटं पाणी ठेवते आणि ते रोज सकाळी बदलते. शिळं पाणी तापतं आणि त्यात डासही होतात. वरूनही पाणी देते. इतर बहुतेक बोन्सायची मुळं असं पाण्यात ठेवल्यावर कुजतील, तेव्हा शेजारच्या पाइनला ही वागणूक देऊ नका. पाऊस-वाऱ्याची हवा सुरू झाली की ट्रे काढून टाकायचा.

तोक्योतल्या निशी-कासाईच्या आमच्या बाल्कनीचं काँक्रीट दुपारी चटका देतं. कुंडीखाली लाकडी फळी टाकली आणि पश्चिमेच्या बाजूला बांबूचा पडदा सोडला. सकाळचं ऊन मात्र पूर्ण मिळायला हवं. सावलीतली विस्टेरिया हिरवीगार दिसते आणि फुलत नाही.

आता वेलींचा प्रश्न. जूनपासून चाबकासारख्या लांब वेली सुटतात आणि शेजारच्या कठड्यापर्यंत पोचतात. इंग्लंडमध्ये जमिनीतल्या विस्टेरियासाठी दोन छाटण्या सांगतात. जुलै-ऑगस्टमध्ये नवी वाढ पाच-सहा पानांवर आणायची, मग जानेवारी-फेब्रुवारीत दोन-तीन डोळ्यांवर. इथले बोन्साय करणारे बरेचजण उन्हाळ्यात वेलीला फारसा हात लावत नाहीत, पानगळ झाल्यावरच कापतात. माझं झाड तरुण आहे आणि खोड जाड व्हायला हवं आहे, त्यासाठी पानं जितकी जास्त तितकी चांगली. म्हणून मी वेली कापल्या नाहीत, फक्त शेंडे खुडले आणि काठीला सैल बांधल्या. ऑगस्टच्या शेवटी जोरात कापलं तर पुढच्या वर्षासाठीचे डोळे आत्ताच फुटण्याची भीती असते, हे कारणही मनात होतंच.

सप्टेंबर ते नोव्हेंबर

वादळाचा इशारा आला की कुंडी स्टँडवरून खाली, भिंतीला टेकून. उंच, खोल कुंडी आणि वर पानांचा पसारा, वाऱ्याला एवढं पुरतं. उकाडा ओसरल्यावर खताचे गोळे पुन्हा ठेवले. बाकी काही केलं नाही.

डिसेंबर ते फेब्रुवारी

पानं पिवळी होऊन गळली आणि सांगाडा उघडा पडला. विस्टेरियाचा हा काळ मला फार आवडतो, कारण झाडाने उन्हाळ्यात काय केलं ते आता वाचता येतं. वेलीच्या बुडाशी आणि आखूड फांद्यांवर गोल, फुगीर डोळे दिसतात, ते फुलांचे. काडीला चिकटलेले बारीक, टोकदार डोळे पानांचे. जसजशी थंडी सरत येते तसा फरक ठळक होतो. म्हणून मी डिसेंबरात कात्री उचलली नाही, फेब्रुवारीत उचलली. प्रत्येक लांब वेल फुगीर डोळे राखून दोन-तीन डोळ्यांवर कापली. एका फांदीवर डोळ्यांची दाटी होती, त्यातले काही काढून टाकले. तरुण झाडाने सगळेच घोस पेलू नयेत.

विस्टेरियाचं लाकूड मऊ असतं, मोठी जखम भरत नाही आणि कुजत आत जाते. प्रत्येक जाड कापाला कट पेस्ट, म्हणजे जखम झाकणारा लेप, लावलीच पाहिजे. तार फक्त दोन फांद्यांना बांधली, तीही सैल.

कुंडी या वर्षी बदलणार नाही. पाणी झरझर निचरतंय, मुळं अजून दाटलेली नाहीत. दोन-तीन वर्षांनी, डोळे हलायच्या आत, अकादामा आणि कानुमा या बोन्सायच्या दाणेदार जपानी मातीत बदलेन. या वेलीची मुळं जाड आणि ठिसूळ असतात, उगीच छेडलेली तिला सोसत नाहीत. जपानमधल्याच आशिकागा शहरातल्या बागेतली मोठी विस्टेरिया १९९६मध्ये सुमारे २० किलोमीटरवरून हलवली, तेव्हा वृक्षवैद्य कोनामी त्सुकामोतो यांनी तिच्या खोडाला माणसाच्या मोडलेल्या हाडाला घालतात तसं प्लास्टर घातलं होतं. आज त्या एका वेलीचा मांडव सुमारे १००० चौरस मीटरचा आहे. कुंडीतल्या लहानशा झाडाची माती बदलताना तेवढीच काळजी घ्यावी असं मला मनापासून वाटतं.

मुंबई-पुण्याच्या मंडळींसाठी: या वेलीला फुलायला खरी थंडी आणि पानगळ लागते, तिथल्या सपाटीवर तिच्याकडून फुलांची अपेक्षा ठेवू नका. जांभळे तुरे हवेत तर पेट्रियाची वेल आपल्या हवेत छान फुलते.

आता एप्रिलपर्यंत माती सुकू द्यायची नाही, कळ्या लांबायला लागल्या की पाणी वाढवायचं आणि कुंडी पावसाबाहेर घ्यायची. इंग्लंडमधल्या कुणी कुंडीतल्या विस्टेरियावर जुलैची छाटणी केली असेल तर कळवा. पुढच्या हिवाळ्यात बुडाशी फुगीर डोळे जास्त आले का, की पानांचेच सुटले? त्यावर माझा पुढचा जुलै ठरवीन.