रिपोर्ट पॉझिटिव्ह आला आणि तो म्हणाला, सुटलो

मी एका सरकारी हॉस्पिटलच्या आयसीटीसीमध्ये काउन्सेलर आहे, म्हणजे एचआयव्ही टेस्टच्या आधी आणि नंतर पेशंटशी बोलते. कंत्राटी, अर्थातच. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.)

पहिली किट रिअॅक्टिव्ह आली, म्हणजे तिच्यात संसर्गाची खूण दिसली, की लगेच काही सांगायचं नसतं. त्याच रक्तावर आणखी दोन वेगळ्या किट लावतात, तिन्ही रिअॅक्टिव्ह आल्या तरच पॉझिटिव्ह. तोवर माणूस बाहेर बाकड्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याचा चेहरा वाचत असतो, म्हणून त्या वेळात मी खोलीबाहेर पडतच नाही.

हा मुलगा तिशीच्या आतला, चांगली नोकरी. पुरुषांशी संबंध आहेत हे त्याने टेस्टच्या आधीच सरळ सांगितलं. असं फार कमी जण सांगतात. रजिस्टरमध्ये संसर्ग कशामुळे झाला याचा कॉलम असतो, तिथे "सुईने झालं असं लिहा ना मॅडम" म्हणून कितीतरी जण हातापाया पडतात. एचआयव्ही एकवेळ परवडला, पण गे आहे हे कळायला नको! तुमच्या लेखी संमतीशिवाय आईवडिलांना कळवता येत नाही, 2017 चा कायदा आहे, हे मी सगळ्यांना सांगते, पण आमच्या खोलीचं पार्टिशन प्लायवूडचं आणि दार सतत कोणीतरी ढकलतंय, मग त्यांनी कायद्यावर विश्वास ठेवावा तरी कसा.

तर रिपोर्ट सांगितला. लोक रडतात, गप्प होतात, किट खोटी आहे म्हणून भांडतात. हा हसला आणि म्हणाला, "सुटलो."

धक्क्यात लोक काहीही बोलतात म्हणून मी थांबले. जिवाचं बरंवाईट करायचं मनात येतंय का, हे आम्ही आडवळणाने नाही, थेट विचारतो. तो म्हणाला, "आधी यायचं मॅडम, स्थळं बघायला लागले तेव्हापासून. आता कोण मुलगी देणार मला?"

घरी काय सांगणार, विचारलं. "रक्ताचा आजार आहे, लग्न जमणार नाही." पुढचंही ठरलेलं दिसत होतं. 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 मधून त्याच्यासारख्यांना मोकळं केलं, पण आईला "मला मुलगी नको" सांगण्यापेक्षा आजार सांगणं त्याला सोपं वाटत होतं.

गोळ्या लगेच सुरू झाल्या, रोज एक, रात्री. एकही चुकवली नाही. सहा महिन्यांनी व्हायरल लोड, म्हणजे रक्तात व्हायरस किती आहे ती टेस्ट, केला तर रक्तात व्हायरस सापडेना इतका दबलेला. आमच्या नोकरीत आनंदाचे प्रसंग मोजकेच, त्यातला हा. या गोळ्या जिथे मिळतात त्या एआरटी सेंटरवरच्या एकांनी त्याची पाठ थोपटली आणि म्हणाले, झकास, आता लग्नाला काही हरकत नाही, पॉझिटिव्ह मुलामुलींचे वधूवर मेळावे भरतात, नाव देऊ का? माणूस मनाने चांगला आहे. पण समोरच्या कार्डावर काय लिहिलंय ते वाचायचं कष्ट कोणी घेत नाही, सगळ्यांना आपलं लग्न लावायची घाई.

दुसऱ्या दिवशी त्याचा मला फोन. "मॅडम, गोळ्या सोडल्या तर परत वाढतो ना तो?"

मी चिडले. व्हायरस गोळ्यांना दाद देईनासा होतो, मग औषधं बदलावी लागतात, टीबी गाठतो, सगळं भडाभडा सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "ते माहितीये हो." आणि मला कळलं की हा माहिती विचारतच नव्हता.

त्याला मानसोपचार ओपीडीची चिठ्ठी दिलीये, तिथे तरी गे असण्यावर इलाज सुचवणारा कोणी भेटू नये एवढंच. समलिंगी मुलांच्या एका ग्रुपचा नंबर दिलाय. या महिन्याच्या गोळ्या त्याने नेल्या. नेल्या म्हणजे खाल्ल्या असं नाही, आणि पुढचा व्हायरल लोड थेट गोळ्या सुरू झाल्यापासूनच्या बाराव्या महिन्यात आहे.