कोकम सरबतातले मॅग्नेशियम : माझा अनुभव

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, मुलाची वार्षिक परीक्षा संपून शाळेला सुट्टी लागण्याच्या चार दिवस आधी, मी मुलुंडच्या एका औषधाच्या दुकानातून मॅग्नेशियम आणि जीवनसत्त्व ब-६ यांच्या गोळ्यांचा डबा विकत घेतला. ही वेळ मी आरंभीच सांगते, कारण पुढचे दोन महिने माझी जी फसगत झाली तिचे मूळ त्या चार दिवसांत होते, आणि महानगरपालिकेच्या लेखा विभागात १८ वर्षे दुसऱ्यांच्या नोंदी तपासणाऱ्या बाईला ते दिसायला हवे होते.

आमचा मुलगा ७ वर्षांचा आहे. चौथ्या वर्षी त्याला ऑटिझम असल्याचे निदान झाले. तो बोलतो, वाचतो, मध्य रेल्वेची सीएसएमटीपासून कल्याणपर्यंतची स्थानके उलटसुलट क्रमाने म्हणून दाखवतो. परंतु आवाज, गर्दी, भूक किंवा ठरलेल्या क्रमातील बदल यांचा भार एका मर्यादेपलीकडे गेला की त्याचा तोल सुटतो. याला आम्ही पालक मेल्टडाउन म्हणतो. हट्ट करणारे मूल रडता रडता आपल्याकडे कोणी पाहते आहे का याचा अंदाज घेत असते आणि हवी ती वस्तू मिळाली की शांत होते. मेल्टडाउनमध्ये मुलाला काहीच नको असते. तो कान दाबून जमिनीवर पडतो, स्वतःच्या हाताला चावतो, आणि वीस-पंचवीस मिनिटांनी थकून झोपतो. भांडुपच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात हे घडते तेव्हा खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जाते, आणि दुसऱ्या दिवशी जिन्यात लोक माझ्याकडे ज्या नजरेने पाहतात तिच्याविषयी मी येथे लिहिणार नाही.

गोळ्यांची माहिती मला थेरपी केंद्राच्या प्रतीक्षा कक्षात मिळाली. तेथे बसणाऱ्या एका आईच्या मुलाला या गोळ्यांनी 'पुष्कळ फरक' पडला होता. आमच्या घरी त्या सुमारास रिस्पेरिडोन या औषधाचा विषय निघालेला होता. ऑटिझममधील तीव्र चिडचिडीसाठी त्याला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००६ मध्ये मान्यता दिली आहे, मात्र त्याने भूक आणि वजन वाढते. माझे पती त्याच्या नावानेच धास्तावले होते. 'औषध नको, हे निदान नैसर्गिक तरी आहे,' असे ते म्हणाले आणि मीही मान डोलावली. डब्यावर 'औषधी वापरासाठी नाही' असे छापलेले होते. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांनुसार अशा पूरक उत्पादनांवर ते छापावेच लागते. ते वाक्य मी वाचले, पण ते आपल्याला उद्देशून आहे असे मला वाटले नाही.

रोज रात्री एक गोळी कुटून दुधात, असे आम्ही सुरू केले. मे महिन्याच्या अखेरीस मेल्टडाउन आठवड्यातून एखाद्या वेळेवर आले होते. मी ही वार्ता प्रतीक्षा कक्षात दोन पालकांना सांगितली, आणि त्यांपैकी एकीने त्याच संध्याकाळी डबा विकत घेतला. याची मला आजही खंत वाटते. कारण आधीचा आकडा माझ्याकडे नव्हताच. आरंभीची शिल्लक न लिहिता मी खाते उघडले होते. शिवाय त्या काळात शाळा नव्हती, शाळेची व्हॅन नव्हती आणि सकाळी सहाला उठणेही नव्हते.

जूनच्या मध्यावर शाळा सुरू झाली आणि तिसऱ्या दिवशी सगळे पूर्ववत झाले. त्यावर मी जे केले ते विचारी माणसाचे काम नव्हते: मी दोन गोळ्या देऊ लागले. पाचव्या दिवशी मुलाला जुलाब लागले, आणि अखेर मी तो डबा घेऊन परळच्या एका रुग्णालयातील बालविकास विभागात गेले.

तेथील डॉक्टरबाईंनी डबा हातात घेतला आणि मागच्या बाजूचे बारीक अक्षर मला मोठ्याने वाचायला लावले. एका गोळीत १०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम आणि २५ मिलिग्रॅम ब-६, 'प्रौढांसाठी'. अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या तक्त्यानुसार ४ ते ८ वर्षांच्या मुलाला आहाराव्यतिरिक्त वरून द्यायच्या मॅग्नेशियमची कमाल मर्यादा दिवसाला ११० मिलिग्रॅम आणि ब-६ची ४० मिलिग्रॅम आहे. म्हणजे दोन गोळ्यांनी मी दोन्ही मर्यादा ओलांडल्या होत्या. मॅग्नेशियम आतड्यात पाणी ओढून घेते, जुलाबाचे कारण ते. ब-६ची या वयात दिवसाची गरज जेमतेम एक-दीड मिलिग्रॅमची असते आणि दीर्घकाळ फार मोठ्या मात्रेत ते घेतल्यास मज्जातंतूंना इजा होऊन हातापायांना बधिरता येऊ शकते, हे मला त्या दिवशी प्रथम कळले. जीवनसत्त्व जास्त झाले तर लघवीवाटे निघून जाते, या भरवशावर मी होते.

'पण याचा उपयोग होतो की नाही?' असे मी विचारले. त्यांनी सांगितले की ही जोडी नवी नाही. १९६०च्या दशकापासून ऑटिझमसाठी ब-६च्या मोठ्या मात्रांचा पुरस्कार होत आला आहे. कॉक्रेन या संस्थेने २००५ मध्ये उपलब्ध चाचण्यांचा आढावा घेतला तेव्हा निकषांत बसणारे अवघे तीन अभ्यास निघाले, आणि त्या तिन्हींत मिळून ३३ जण होते. एवढ्यावरून शिफारस करता येत नाही, असा त्या आढाव्याचा निष्कर्ष होता. माशाच्या तेलातील ओमेगा-३चीही अवस्था फारशी वेगळी नाही.

मग त्यांनी सिक्रेटिनची हकीकत सांगितली, आणि माझ्या मनात सर्वांत खोल गेली ती हीच. सिक्रेटिन हे पचनसंस्थेतील एक संप्रेरक. १९९८ च्या सुमारास त्याने ऑटिझम असलेली मुले सुधारतात अशी हवा झाली. १९९९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये ६० मुलांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. निम्म्यांना सिक्रेटिनचे आणि निम्म्यांना साध्या द्रावाचे एकेक इंजेक्शन दिले होते, आणि कोणाला काय दिले हे पालकांना ठाऊक नव्हते. दोन्ही गटांतील मुले सारखीच सुधारली. त्याहून विलक्षण असे की, हा निकाल सांगितल्यानंतरही ६९ टक्के पालकांना सिक्रेटिनमध्ये रस उरलाच होता. 'तुम्ही खोटे बोलत नाही आहात,' डॉक्टर म्हणाल्या, 'पण तुम्ही मोजणाऱ्याही आहात आणि आशा लावून बसलेल्याही आहात.' आमच्या खात्यात ज्याने खर्च केला त्याच्याकडून लेखापरीक्षण करून घेत नाहीत. मला अधिक समजावण्याची गरज उरली नाही.

गोळ्या त्यांनी बंद केल्या. मॅग्नेशियमसाठी रक्ततपासणी करा असे मी सुचवले, त्यावर त्यांनी सांगितले की शरीरातील मॅग्नेशियमचा एक टक्क्याहूनही कमी भाग रक्तद्रवात असतो, त्यामुळे त्या आकड्यावरून साठ्याचा अंदाज येत नाही. त्यांनी तपासायला सांगितले ते हिमोग्लोबिन, लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन आणि जीवनसत्त्व ड. आमचा मुलगा वरणभात, टोस्ट, बटाट्याची भाजी आणि एका विशिष्ट आकाराची बिस्किटे यांपलीकडे फारसे काही खात नाही. फेरिटिन ११ निघाले. पाच वर्षांवरील मुलात ते १५च्या खाली असेल तर लोहाचा साठा आटला आहे असे जागतिक आरोग्य संघटना मानते. रात्रभर पाय झाडणे आणि अर्धवट झोप यांचा लोहाच्या कमतरतेशी संबंध असू शकतो. आम्ही तीन वर्षे त्याला 'त्याची सवय' म्हणत आलो होतो.

लोहाचे औषध लगेच सुरू झाले. तरीही माझ्या मनातून मॅग्नेशियम जाईना, आणि हे डॉक्टरांना मी प्रामाणिकपणे सांगितले. त्यावर त्यांनी रागावण्याऐवजी एक रीत आखून दिली. ब-६ नसलेले निव्वळ मॅग्नेशियम, रोज ५० मिलिग्रॅम, संध्याकाळी. लोहाचे औषध सकाळी, म्हणजे दोन्ही एकमेकांच्या आड येणार नाहीत. आधी दोन आठवडे काहीही न देता नुसती नोंद ठेवायची. त्यानंतर चार पंधरवडे, त्यांपैकी दोनांत मॅग्नेशियम आणि दोनांत काही नाही. कोणत्या पंधरवड्यात काय हे मला आणि माझ्या पतींना कळता कामा नये. प्रत्येक पंधरवड्यातील पहिले तीन दिवस हिशोबात धरायचे नाहीत, कारण आधीचा परिणाम रेंगाळू शकतो.

गुपित सांभाळण्याची जबाबदारी माझ्या सासूबाईंवर आली. त्यांनी चार चिठ्ठ्या करून तांदळाच्या डब्यात ठेवल्या आणि दर पंधरवड्याला एक काढून देव्हाऱ्याच्या खणात बंद केली. अडचण निघाली ती चवीची. मॅग्नेशियमची पूड दुधात घातली की मुलगा पहिल्या घोटालाच पेला लोटून देई, आणि मग गुपित कसले राहणार? पाच-सहा प्रयोगांनंतर आईंनीच तोड काढली: आगळ जरा जास्त घालून केलेले कोकम सरबत. त्या आंबटपणात पूड लपते. रोज साडेसहाला, पूड असो वा नसो, सरबत मात्र त्याच पेल्यात.

नोंदीसाठी मी शंभर पानी वही घेतली. वेळ, ठिकाण, आधीच्या तासात काय झाले, किती मिनिटे चालले, शौचाला झाले की नाही, जेवण काय आणि किती. पहिल्या दोन आठवड्यांत १६ मेल्टडाउन झाले. जुलैच्या मध्यावर पहिली चिठ्ठी निघाली. हिशोबाच्या ११ दिवसांत ११. दुसऱ्या पंधरवड्यात ७, आणि मी मनातल्या मनात ठरवून टाकले की हेच मॅग्नेशियम. तिसऱ्यात १२. चौथा पंधरवडा आठच दिवसांचा झाला, कारण आईंना गणपतीसाठी कुडाळला जायचे होते आणि त्यांचे तिकीट आधीच काढलेले होते. त्यातले तीन दिवस वजा जाता उरलेल्या पाच दिवसांत ४.

गाडीला निघण्याच्या आदल्या रात्री आईंनी चिठ्ठ्या माझ्यापुढे ठेवल्या. मॅग्नेशियम पहिल्या आणि तिसऱ्या पंधरवड्यात होते. म्हणजे पूड असलेल्या २२ दिवसांत २३ मेल्टडाउन आणि पूड नसलेल्या १६ दिवसांत ११. मी दोनदा बेरीज करून पाहिली. एवढे झाल्यावर आईंनी खाली मान घालून आणखी एक गोष्ट सांगितली. चौथ्या पंधरवड्यात मुलाने हात चावून रक्त काढले होते, त्यानंतरचे दोन दिवस त्यांनी सरबतात पूड घातली होती. 'माका बघवला नाय गो,' त्या म्हणाल्या. मी त्यांना काय बोलणार? मी स्वतः तर दोन गोळ्या दिल्या होत्या.

या आकड्यांवरून मॅग्नेशियमने मेल्टडाउन वाढतात असे मी म्हणणार नाही. दुसऱ्या पंधरवड्यात अतिवृष्टीमुळे शाळेला दोन दिवस सुट्टी होती, तर तिसऱ्यात समोरच्या मैदानात गोविंदा पथकाचा सराव रोज रात्री दहापर्यंत चालत असे आणि शेवटच्या दिवशी प्रत्यक्ष दहीहंडी होती. मेल्टडाउन कमी झाल्याचा पुरावा मात्र मला माझ्याच वहीत सापडला नाही. एक फरक स्पष्ट होता: पूड असलेल्या दिवसांत त्याला शौचाला सहज होत असे, आणि एरवी तीन-तीन दिवस होत नसे. लोहाच्या औषधाने तो त्रास वाढलाही असेल. डॉक्टरांनी ते पान पाहून बद्धकोष्ठतेवर रीतसर औषध दिले, कारण पोट दुखते आहे हे त्याला सांगता येत नाही.

त्यांनी दुसरे रकाने पाहिले, ज्यांकडे माझे लक्ष नव्हते. चारही पंधरवड्यांतल्या ३४ नोंदींपैकी २१ नोंदी दुपारी साडेचार ते संध्याकाळी सात या वेळेतल्या होत्या, आणि त्यांपैकी बहुतेक दिवशी शाळेचा डबा भरलेला परत आला होता. चौकशी केल्यावर कळले की मधल्या सुट्टीत साठ मुले एकाच सभागृहात डबे वाजवत जेवतात आणि आमचा मुलगा ती सगळी सुट्टी कानांवर हात ठेवून बसतो. सकाळी सातनंतर थेट साडेचारला अन्न, आणि घरी आल्या आल्या आम्ही त्याला इंग्रजी वाचनाच्या शिकवणीला पाठवत होतो.

वर्गशिक्षिकांना भेटायला मला अर्ध्या दिवसाची रजा घ्यावी लागली, ते काम मात्र पंधरा मिनिटांत झाले. आता तो ग्रंथालयात आणखी एका मुलाबरोबर डबा खातो. शिकवणी बंद केली. घरी आल्यावर आधी नाचणीची खीर, पडदे ओढलेल्या खोलीत, अर्धा तास कोणी काही विचारायचे नाही. नाचणीत १०० ग्रॅमला सुमारे १४० मिलिग्रॅम मॅग्नेशियम असते, असे माझ्या पतींनी शोधून काढले आणि ते थोडे सुखावले. लोहाचे औषध चालू आहे. तीन महिन्यांनी फेरिटिन २९ आले आणि रात्रीचे पाय झाडणे बरेच कमी झाले आहे. सप्टेंबरच्या शेवटच्या दोन आठवड्यांत ९ मेल्टडाउन झाले, ऑक्टोबरच्या पहिल्या दोनांत ७. यांतले लोहामुळे किती, डब्यामुळे किती आणि शौचाला नीट होऊ लागल्यामुळे किती, हे वेगळे काढता येणार नाही, कारण लोह आधीपासून चालू होते आणि बाकीचे बदल आम्ही एकदम केले.

ज्या आईने माझ्या सांगण्यावरून डबा घेतला होता तिला मी प्रतीक्षा कक्षात गाठून वही दाखवली. तिने पाने चाळली, ब-६ची मात्रा लिहून घेतली आणि म्हणाली, 'आमच्याकडे मात्र फरक आहे हो.' मी तिला तिचा मुलगा किती वर्षांचा आणि गोळ्या किती, एवढेच विचारले, आणि डॉक्टरांना डबा दाखवण्याचे तिच्याकडून कबूल करून घेतले.

माझ्या डब्यातल्या उरलेल्या गोळ्या फेकून दिल्या. वही चालू आहे. दिवाळीच्या सुट्टीत अठरा दिवसांत केवळ ३ नोंदी झाल्या, आणि ती पाने मी वेगळ्या शाईने लिहिली आहेत.