वानरांचं गणित आणि अंजनाचं रान

पाटणादेवीला देवीसाठी जायचं असेल तर नवरात्रात जावं. रानासाठी जायचं असेल तर दिवाळी उरकल्यावर, आठवड्यातल्या मधल्या वारी, ऊन तापायच्या आत. मी कार्तिकातला बुधवार धरला. आदल्या रात्री चाळीसगावला मावशीकडे मुक्काम केला. पहाटे तिनं कळण्याच्या भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि दोन कांदे फडक्यात बांधून दिले, आणि मावसभावानं मोटरसायकल काढली.

"ताई, कान बांध. फाट्यापासून पुढे गारठा लागतो."

चाळीसगावपासून पाटणादेवी साधारण 18 किलोमीटर. दोन्ही बाजूंना कापूस, मधेच उसाचा फड, आणि समोर सातमाळ्याची रांग, ज्यांना आमच्याकडे बरेच जण अजिंठ्याचे डोंगरच म्हणतात. खानदेश म्हटलं की बाहेरच्या माणसाला केळी, कापूस आणि मे महिन्यातलं ऊन आठवतं. पण या सपाटीला दोन्ही अंगांनी डोंगर आहेत. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला ही रांग, आणि मधून तापी-गिरणेचं खोरं. रांगेच्या पलीकडे मराठवाडा लागतो. इथल्या ओढ्यांचं पाणी मात्र आपल्याकडे, गिरणेला उतरतं.

पाटणचं खोरं सुपासारखं आहे. तीन बाजूंनी कडे उभे, चौथी बाजू खानदेशाकडे मोकळी. आत शिरलं की मागचा रस्ता, ट्रॅक्टर, गावचा भोंगा, सगळं कड्यापलीकडे राहतं. पहिल्या पाच मिनिटांत कान गोंधळतात. रोजचे आवाज नाहीसे झालेले असतात आणि इथले अजून ऐकू यायला लागलेले नसतात.

हा सगळा भाग गौताळा औट्रमघाट अभयारण्यात येतो. 1986 मध्ये ते जाहीर झालं, सुमारे 260 चौरस किलोमीटरचं, काही भाग डोंगराच्या वर आणि काही खाली. नावातला औट्रम म्हणजे जेम्स औट्रम, ज्यानं 1825 मध्ये खानदेशात भिल्लांची पलटण उभी केली. शेजारचा कन्नडचा घाट अजून त्याच्या नावानं ओळखला जातो. नाव साहेबाचं राहिलं असलं तरी या डोंगरांच्या वाटा त्याच्याही आधी भिल्लांना पाठ होत्या, आणि हे जंगल त्यांच्याच पायांनी मोजलेलं आहे असं मला मनापासून वाटतं.

चौकीजवळ एक वयस्क वनमजूर वाटेवरचा पाचोळा सारत होते. आम्हाला बघून थांबले.

"कथा जाई राह्यनात? धवलतीर्थले?"

"हो बाबा. धबधब्याला पाणी आहे का अजून?"

"शे ना, पन थोडं. सावकाश जा. दगड निसरडा शेतस."

बिबट्याचं विचारलं तेव्हा त्यांनी खराटा हातात तसाच धरून अगदी साधेपणानं सांगितलं, "शे. तो आपली वाट सोडस. आपन बी त्यानी सोडानी." एवढं बोलून ते पुन्हा कामाला लागले. जंगलात कसं वागावं हे मी अनेक फलकांवर वाचलंय, पण इतकं नेमकं कुठल्याच फलकावर नव्हतं.

आता झाडांबद्दल. या रानात साग आहे, सलई आहे, खैर, पळस, आपटा, उघड्या उतारांवर सीताफळीची दाटी आहे. सलईची साल कागदासारखी सुटते आणि खोडाला नाक लावलं तर धुपाचा वास येतो. हिवाळ्यातल्या लाडवांत जो डिंक घालतात तो देणारा धावडाही इथलाच. या दिवसांत त्याची पानं तांबूस व्हायला लागलेली असतात. पण माझा जीव अंजनावर आहे. खानदेशच्या कोरड्या, खडकाळ डोंगरांवर हे झाड जितक्या जोमानं उभं राहतं तितकं दुसरं कुठलं मी पाहिलेलं नाही. मातीचा थर टीचभर, खाली काळा पाषाण, आणि त्याच्या भेगेतून अंजन सरळ वर गेलेला. त्याचं पान दोन दलांचं. आपट्याच्या पानाची आठवण करून देणारं, पण लहान, आणि मधून देठापर्यंत दुभंगलेलं. लाकूड इतकं जड आणि टणक की जुने लोक त्याला कुऱ्हाडीची परीक्षा म्हणतात. दुष्काळात गुरांना याच झाडाचा पाला घालून जगवल्याच्या गोष्टी माझ्या आजोळी अजून निघतात. फांद्यांची टोकं खाली झुकलेली असतात, त्यामुळे झुळूक आली की पूर्ण झाड हलतं आणि त्याखालचा कवडसाही हलत राहतो. मी एका अंजनाच्या बुंध्याला टेकून बसले आणि बराच वेळ उठलेच नाही. भाऊ बिचारा काही बोलला नाही. तोही पलीकडच्या दगडावर बसून राहिला.

असं बसलं की मग आवाज यायला लागतात. आधी टकाचोराची खणखणीत हाक. मग सातभाईंची कलकल. लांब कुठेतरी मोर. राखी धनेशाची जोडी एका उंबरावरून दुसऱ्यावर गेली, तो पंखांचा फडफडाटसुद्धा नीट ऐकू आला. आणि मग वरच्या कड्याकडून वानरांचं हुप्प-हुप्प सुरू झालं. काळ्या तोंडाची, लांब शेपटीची ती टोळी बघता बघता नदीकाठच्या झाडांवर उतरली. पोरं पोटाशी धरलेल्या माद्या, फांद्या वाकवून पाला ओरबाडणारी तरणी वानरं, आणि काही म्हातारी अजून वर खडकांवर बसून खाली खेकसत होती.

हे पाहताना मला एक गणित आठवलं, आणि याच रानात ते आठवायला कारण आहे.

पाटणादेवीच्या देवळात एक शिलालेख सापडला. 1865 च्या सुमारास डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांपुढे आणला. लेख 1207 सालचा. यादव राजा सिंघण याचा मुख्य ज्योतिषी चांगदेव, म्हणजे भास्कराचार्यांचा नातू. त्यानं इथे मठ स्थापला, तो आजोबांचे आणि घराण्यातल्या इतरांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून. यादवांचे मांडलिक असलेले निकुंभ घराण्यातले सोइदेव यांनी त्या मठाला देणगी लावून दिली. लेखाचा मोठा भाग संस्कृतात आहे, पण देणगीचा तपशील त्या काळच्या मराठीत. पेठेतल्या खरेदी-विक्रीवरचा वाटा मठाला, घाण्यामागे पळीभर तेल मठाला, असा रोकडा हिशेब. म्हणजे इथे पेठ होती. घाणे होते. तेल गाळणारे, माप घालणारे, भाव करणारे लोक होते. मी जिथे टेकून बसले होते तिथून बाजाराचा गलबला ऐकू येत असेल. आता तिथे अंजन आहे.

भास्कराचार्य 1114 चे. त्यांचं मूळ गाव नेमकं कुठलं यावर अभ्यासकांत एकमत नाही. ते स्वतः सह्याद्रीच्या आश्रयानं वसलेलं विज्जडविड सांगतात. काही जण ते पाटणच्या आसपास मानतात, काही जण बऱ्याच दूर. त्या वादात मला पडायचं नाही. त्यांची विद्या इथे शिकवण्याची व्यवस्था झाली होती, हे दगडावर कोरलेलं आहे आणि मला तेवढं पुरतं.

तर ते वानरांचं गणित. भास्कराचार्यांच्या 'बीजगणित' या ग्रंथात आहे. एका कळपातल्या वानरांचा आठवा भाग घ्या, त्याचा वर्ग करा. तितकी वानरं वनात मजेत खेळताहेत. उरलेली 12 डोंगरावर बसून आरडाओरडा करताहेत. तर कळपात वानरं किती?

भावाला सांगितलं. तो पाटबंधाऱ्याच्या कामांवर मोजमापं घेतो, आकड्यांचा त्याला कंटाळा नाही. त्यानं काटकी घेतली आणि नदीकाठच्या ओल्या वाळूत समीकरण मांडलं. उत्तर आलं 48. मग जरा थांबून म्हणाला, "ताई, 16 पण येतंय." दोन्ही बरोबर आहेत. 48 चा आठवा भाग 6, वर्ग 36, अधिक 12. सोळाचा आठवा भाग 2, वर्ग 4, अधिक 12. एकाच प्रश्नाला दोन खरी उत्तरं असू शकतात, हे शिकवायला त्या माणसानं वानरं आणि डोंगर निवडले. समोर काही वानरं खाली खेळत होती आणि काही वरून ओरडत होती. आठशे वर्षांपूर्वी या मठातल्या एखाद्या विद्यार्थ्यानं हे गणित घोकताना मान वर केली असेल, तर त्यालाही बहुधा हेच दिसलं असेल. ते मनात आलं आणि माझ्या अंगावर काटा आला.

पुढे महादेवाचं जुनं देऊळ लागतं. ते चुकवू नका. तिथल्या लेखानुसार निकुंभ इंद्रराजानं ते बांधायला घेतलं आणि त्याच्या माघारी राणी श्रीदेवीनं शके 1075 मध्ये, म्हणजे 1153 च्या सुमारास, पुरं केलं. दगडातलं नक्षीकाम अजून ठसठशीत आहे. चंडिकेचं, म्हणजे पाटणादेवीचं, देऊळ त्याच्या पुढे, उंच जोत्यावर. तिथे बुधवारी सकाळी आम्ही, पुजारी आणि एक नवसाचं कुटुंब, एवढेच होतो.

धवलतीर्थाची वाट नदीच्या अंगानं जाते. डोंगरी नावाची ही नदी या दिवसांत घोट्याएवढी, दगडांमधून वाट काढत चाललेली, तळ दिसेल इतकी नितळ. हीच डोंगरी 2021 च्या ऑगस्टअखेर, वरच्या डोंगरांत एका रात्री अतोनात पाऊस झाला तेव्हा, तितूर नदीसोबत चाळीसगावच्या बाजारपेठेत शिरली होती. मावशीच्या गल्लीत भिंतीवर त्या पाण्याची रेघ पुष्कळ दिवस होती. डोंगरावर झाडी जितकी दाट, तितका पाऊस मुरतो आणि तितकं पाणी दमानं खाली येतं. या रानाचा आणि खालच्या गावाचा संबंध असा थेट आहे. धबधब्याची धार बारीक झाली होती, पण डोहात पाणी होतं. तिथे बसून आम्ही भाकरी सोडली. कळण्याची भाकरी थंड झाली की आणखी चवदार लागते.

एक गोष्ट मात्र जिवाला लागली. डोहाच्या कडेला वेफर्सची पाकिटं, पाण्याच्या बाटल्या, देवीच्या साडीच्या प्लास्टिकच्या पिशव्या. रविवारी इथे लोक स्पीकर घेऊन येतात असं चौकीवरच्या बाबांनी सांगितलं. आवाज चढला की वानरं वर निघून जातात आणि दुपारपर्यंत खाली येत नाहीत. नदीवर पाणी प्यायला येणारी भेकरं, नीलगायी यांचं काय होत असेल? आम्ही पिशवीत मावला तेवढा कचरा भरून आणला. तुम्ही गेलात तर एक रिकामी गोणी सोबत न्या, आणि गाणी फोनमध्येच राहू द्या. एवढं मी हात जोडून सांगते.

वेळ असेल तर याच डोंगरात शृंगार चावडी, सीता न्हाणी आणि जैन तीर्थंकरांची नागार्जुन कोठी ही लेणी आहेत, वर कण्हेरगड आहे. आणि खोऱ्याच्या वरच्या अंगाला पितळखोरे. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकापासूनची बौद्ध लेणी. तिथे सापडलेल्या यक्षाच्या हातावर कोरलंय की ही मूर्ती कण्हदास नावाच्या सोनारानं घडवली. ती मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. पितळखोऱ्याला सोप्या रस्त्यानं जायचं तर कन्नडच्या बाजूनं, वरून पायऱ्या उतरून. पाटणादेवीहून चढून जाणारी वाटही आहे, पण ती वाटाड्याशिवाय आणि वनखात्याला सांगितल्याशिवाय धरू नये.

जाण्यासाठी चाळीसगाव हे मध्य रेल्वेचं मोठं स्थानक आहे. तिथून रिक्षा किंवा स्वतःची गाडी बरी. पिण्याचं पाणी भरून न्या. पायात पकड असलेले बूट घाला. एप्रिल-मे टाळा, ऊन तर आहेच, शिवाय तेव्हा पाणवठे आटत आलेले असतात आणि उरलेल्या पाण्यावर पहिला हक्क तिथल्या जनावरांचा आहे. मी फाल्गुनात पुन्हा जाणार आहे, पळस फुलल्यावर. तेव्हा भाऊ त्याच्या मुलीला घेऊन येतो म्हणालाय, आणि वानरांचं गणित तिला वाळूतच घालायचं असं आमचं ठरलंय.