आत ओढला गेलेला डोळा

सांगलीत नेत्रतज्ज्ञ म्हणून काम करताना डोळे खोल गेलेली माणसे मी नेहमीच पाहते. वय, जुलाब किंवा दीर्घ आजाराने झडलेले अंग, अशा कारणांनी दोन्ही डोळे सारखेच खोल जातात. जत तालुक्यातून आलेल्या साठीच्या त्या मावशींचा मात्र एकटा डावा डोळा आत गेला होता, आणि तोही न दुखता. सोबतच्या मुलाच्या हातात थायरॉइडचा रिपोर्ट होता, कारण आधी कोणाला तरी उजवा डोळाच बाहेर आल्यासारखा वाटला होता, आणि थायरॉइडच्या आजारात डोळा तसा बाहेर येऊ शकतो. रिपोर्टमध्ये काहीच दोष नव्हता.

ही गफलत सहज होते. मी मावशींच्या मागे उभी राहून त्यांच्या कपाळावरून खाली पाहिले आणि मग आधार कार्ड मागून घेतले. त्यावरच्या जुन्या फोटोत उजवा डोळा आजच्यासारखाच होता; बदलला होता तो डावा. खोबणीच्या बाहेरच्या कडेपासून बुबुळाच्या टोकापर्यंतचे अंतर हर्टेलच्या मापकाने मोजले, तेव्हा उजवीकडे 16 आणि डावीकडे 12 मिलिमीटर भरले. हा फरक 2 मिलिमीटरपेक्षा जास्त असेल, तर त्याचे कारण शोधावेच लागते.

मार लागून खोबणीचा तळ मोडला तर डोळा आत जातो, पण मावशींना कधी मार लागला नव्हता. गालाच्या हाडातील सायनसचे तोंड बंद होऊन त्याच्या भिंती आत खचतात, तेव्हाही डोळा असाच न दुखता खाली बसतो, आणि मला प्रथम तीच शंका आली. परंतु त्या आजारात डोळा सहसा सगळीकडे फिरतो. मावशींचा डोळा वर, खाली किंवा बाजूला कोठेच पुरता वळेना, आणि पापणीवरून बोटाने हलकेच दाबला तर तसूभरही मागे सरकेना. डोळ्यामागे गाठ वाढली की ती डोळ्याला बाहेर ढकलते, हे खरे; पण स्तनाच्या कर्करोगाचा एक प्रकार डोळ्यामागच्या चरबीत पसरून तेथे तंतूंचे कठीण जाळे विणतो, आणि ते जाळे आकसत जाते तसा डोळा आत ओढला जातो.

मुलाला बाहेर बसवून मी विचारले, "मावशी, छातीत कधी गाठ लागली होती का हाताला?" त्या बराच वेळ पदराशी चाळा करत राहिल्या. "दोन वरसं झाली. दुखत न्हवती, मग पोरास्नी कशाला सांगायचं?"

परवानगी घेऊन तपासले. डाव्या स्तनात दगडासारखी गाठ होती आणि वरची कातडी आत ओढली गेली होती. पुढे स्कॅन आणि गाठीचा तुकडा, दोन्हींनी शंका खरी ठरवली. डोळा दाखवायला आणलेल्या आईच्या छातीत आजार कसा निघाला, हे मुलाला कळेना. मी त्याच थायरॉइडच्या रिपोर्टमागे चित्र काढून समजावले, आणि त्याने तो कागद घडी घालून खिशात ठेवला. गाठ संप्रेरकांवर वाढणारी निघाल्याने कर्करोगतज्ज्ञांनी त्यांना गोळ्या सुरू केल्या.

सहा महिन्यांनी मावशी आल्या, तेव्हा आधार कार्ड त्यांनी न मागताच टेबलावर ठेवले. मी पुन्हा मोजले. डावीकडे 12 मिलिमीटरच भरले. डोळा बाहेर आला नव्हता, पण आणखी आतही गेला नव्हता.