तुम्ही विचारलंत म्हणून : छातीतली ऊब आणि चमत्काराची साक्ष

मी कित्येक वर्षे अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीत राहतो आणि पुण्याला गेलो की कोणीतरी हमखास विचारते, "तुमच्याकडचे ते मॉर्मन लोक एवढे शिकलेले, व्यवहाराला एवढे चोख, मग चमत्कारांच्या गोष्टींवर त्यांचा विश्वास कसा बसतो?" या प्रश्नातला तुच्छतेचा सूर मला खटकतो, कारण हा विश्वास अडाणीपणातून आलेला नाही. सत्य ओळखण्याची एक रीत त्यांना बालपणापासून शिकवलेली असते आणि ती ते निष्ठेने पाळतात.

मॉर्मन म्हणजे जोसेफ स्मिथ यांनी १८३० मध्ये स्थापन केलेल्या चर्चचे अनुयायी, आणि त्या चर्चच्या ग्रंथांतच ती रीत सांगितलेली आहे. 'बुक ऑफ मॉर्मन'च्या अखेरच्या प्रकरणात वाचकाला सांगितले आहे की, हे खरे आहे का, असे देवाला मनापासून विचार, म्हणजे पवित्र आत्मा तुला ते कळवील. त्याआधी, १८२९ मध्ये, स्मिथ यांचे लेखनिक ऑलिव्हर काउडरी यांना उद्देशून झालेल्या प्रकटीकरणात खूणही दिली आहे : निर्णय योग्य असेल तर छातीत ऊब दाटून येईल, अयोग्य असेल तर विचार बधिर होतील. 'मला तसे जाणवते, म्हणून ते तसे आहे' या निष्कर्षाला मानसोपचारात भावनिक तर्क म्हणतात आणि तो विचारातला दोष मानला जातो. इथे मात्र तीच ज्ञानाची वाट ठरते.

महिन्याच्या पहिल्या रविवारी उपवास करून सारे सभेला जमतात आणि ज्याला वाटेल तो व्यासपीठावर येऊन साक्ष देतो. शेजारच्या बाईंच्या आग्रहावरून मी एकदा गेलो होतो. मुलाच्या आजारपणात आपल्या प्रार्थनेला उत्तर कसे मिळाले, हे एक वडील सांगत होते. त्यांचा आवाज कापू लागला, बाकांवरची माणसे डोळे पुसू लागली आणि माझाही कंठ दाटून आला. मी त्या धर्माचा नाही, तरीही ते घडले. ती ऊब ढोंग नसते, हे मी त्या दिवसापासून ठामपणे सांगतो. युटा विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९ श्रद्धाळू मॉर्मनांच्या मेंदूचे स्कॅन घेतले होते. आत्म्याचा स्पर्श जाणवल्याचे ते सांगत त्या वेळी, सुख आणि समाधानाशी निगडित असलेला मेंदूचा भाग उद्दीपित झालेला दिसला.

पण ही ऊब घडलेल्या घटनेचा पुरावा असते का? शहरातल्या टेंपल स्क्वेअरमध्ये कुरव (सीगल) पक्ष्यांचे १९१३ सालचे स्मारक आहे. १८४८ मध्ये मॉर्मनांच्या नव्या वसाहतीचे पीक कीटकांनी फस्त करायला घेतले, तेव्हा कुरवांचे थवे आले, कीटक खाऊन ओकले, पुन्हा खाल्ले आणि वसाहत वाचली, अशी ही कथा आहे. विल्यम हार्टली या इतिहासकाराने १९७० मध्ये दाखवून दिले की, त्या वर्षीच्या रोजनिश्यांत पक्ष्यांचा उल्लेख फारच थोडा आहे, गोठवणाऱ्या थंडीने आणि दुष्काळानेही पिकाचे नुकसान झाले होते, कुरव नंतरच्या वर्षांतही येत राहिले आणि न पचलेला भाग ओकून टाकणे हा तर त्या पक्ष्याचा स्वभावच आहे. हार्टली स्वतः मॉर्मन होते, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

याहून बोलके उदाहरण पॉल डन यांचे आहे. चर्चच्या या वरिष्ठ पदाधिकाऱ्याच्या युद्धकथा आणि बेसबॉलच्या कथा ऐकून हजारो लोक गहिवरत. दुसऱ्या महायुद्धात जपानच्या ओकिनावा बेटावर जिवलग मित्राने आपल्या मिठीत प्राण सोडला, ही त्यांतली सर्वांत हृदयद्रावक कथा होती; तो मित्र जिवंत असल्याचे १९९१ मध्ये वृत्तपत्रातून उघड झाले आणि त्याच वर्षी डन यांनी जाहीर माफी मागितली. म्हणजे कथा खोटी असतानाही श्रोत्यांच्या छातीत तीच ऊब दाटली होती, जी ते सत्याची खूण मानत आले होते.

मी शेजारच्या बाईंना याविषयी विचारले. त्यांनी तरुणपणी डन यांची भाषणे ऐकली होती. बराच वेळ त्या गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "त्या दिवशी मला जे जाणवले ते खरे होते. मित्रासाठी जीव तुटणे ही चांगली गोष्ट आहे, असेच आत्मा मला सांगत असेल." मला त्यांचे म्हणणे पटले. मात्र मग तीच ऊब कुरवांविषयी काय सांगते, हा माझा पुढचा प्रश्न होता, आणि त्यावर आम्ही दोघे आजही बोलत असतो.