अबाकाशी सोलणारे

ब्राझीलमध्ये साहेबांनी नकोशी फाइल टेबलावर सरकवली, की कर्मचारी मनात म्हणतो, आता हा 'अबाकाशी' मीच सोलायचा. अबाकाशी म्हणजे अननस, आणि तो सोलणं म्हणजे गळ्यात पडलेलं लचांड निस्तरणं. आपटलेला सिनेमाही अबाकाशीच. शाक्रिन्या नावाचे तिथले एक वल्ली टीव्ही-सूत्रसंचालक होते. त्यांच्या कार्यक्रमात बेसूर गाणाऱ्याला बक्षीस म्हणून चक्क अननस मिळे. आपल्याकडे ही प्रथा आली, तर बाजारात अननसाचा तुटवडाच पडायचा.

ज्यानं अख्खा अननस घरी चिरलाय, त्याला हा वाक्प्रचार समजावून सांगावा लागत नाही. काटेरी तुरा पिळून काढायचा, साल उतरवायची आणि मग ते डोळे! तिरक्या ओळींत बसलेले असतात. तसेच तिरके चर पाडत गेलं तर निघतात, नाहीतर निम्मा गर सालीबरोबर जातो. एवढं करून तो आंबट निघाला, की जीभ चुरचुरते ती वेगळीच. त्यातलं ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम प्रथिनांचे तुकडे पाडतं आणि दुधातही तोच उद्योग करतं. म्हणून शिऱ्यात घालायच्या फोडी आधी साखरेत शिजवून घेतलेल्या बऱ्या.

पोर्तुगालमध्ये मात्र 'अननाश' हा शब्दही चालतो. पोर्तुगालच्याच अझोरेस बेटसमूहातल्या साँव मिगेल बेटावर तो काचेच्या घरांत वाढवतात आणि सगळ्या झाडांना एकदम फुलोरा यावा म्हणून आत चक्क धूर करतात. बाहेरून येणारा गोड, तो अबाकाशी, असा तिथल्या बाजारातला ढोबळ हिशेब. वनस्पतिशास्त्राला दोन्ही सारखेच.

खरं तर दोन्ही शब्द दक्षिण अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या तुपी-ग्वारानी भाषांतले. ब्राझीलच्या बाजारात अबाकाशी जिंकला आणि अननाश जहाजात बसून जगभर गेला. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर तो हिंदुस्थानात आला. फिरंग्यांच्या बंदरांतून येणाऱ्या या फळाची नोंद जहांगीर बादशहानंही आठवणींत केली आहे. आग्र्याच्या बागेत ते हजारोंनी पिकतं, असं तो लिहितो.

मराठीनं नाव ठेवलं, लचांड घेतलं नाही. आपण नोकरीवरून काढताना नारळ देतो, फसवताना गाजर दाखवतो, परीक्षेत भोपळा मिळवतो. अननसाला बोलीत असं एकही काम नाही. तो आपला लग्नाच्या पंगतीत, शिऱ्यात.