साबणाची वडी आणि तीन व्ह्यू

शाळेचं शेवटचं वर्ष म्हटलं की जो भेटेल तो विचारतो, ‘अभ्यास कुठवर आला?’ मला टेक्निकल कॉलेजला जायचंय, शक्यतो मेकॅनिकलला. प्रवेश परीक्षेची तयारी चालू आहेच, पण तिच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. घड्याळ लावायचं, प्रश्न सोडवायचे, उत्तरं तपासायची, परत तेच. मला त्यापुढची काळजी जास्त आहे. माझा मामेभाऊ कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे. तिथे सगळ्यात जड काय जातं, असं मी दादाला विचारलं. मला वाटलं गणित म्हणेल. म्हणाला, “इंजिनिअरिंग ड्रॉइंग. निम्म्या वर्गाला वस्तू डोळ्यांपुढे आणताच येत नाही.”

त्यानेच साबणाचा उपाय सांगितला. अंगाच्या साबणाची नवी वडी घेतली (आईला अजून पत्ता नाही), सुरीने एका बाजूचा वरचा अर्धा भाग कापून पायरी केली आणि खालच्या पायरीत रिफिल फिरवत वरपासून तळापर्यंत आरपार भोक पाडलं. मग एक डोळा मिटून समोरून पाहिलं. दिसतो तो नुसता पायरीचा आकार, भोकाचा मागमूस नाही. ते आत दडलंय, म्हणून फ्रंट व्ह्यूमध्ये तुटक रेघांनी दाखवायचं. वरून पाहिलं तर एक आयत, त्यात पायरीच्या कडेची एक रेघ आणि रेघेच्या एका अंगाला गोल. त्या रेघेच्या दोन्हीकडचे भाग वेगवेगळ्या उंचीवर आहेत, हे टॉप व्ह्यू बापजन्मात सांगणार नाही. ते फ्रंट व्ह्यूलाच विचारायला लागतं.

खरी मजा उलट्या प्रवासात आहे. दादा फोनवर तीन व्ह्यू, म्हणजे समोरून, वरून आणि बाजूने दिसणारी चित्रं पाठवतो आणि मी साबण कापून ती वस्तू घडवते. एखादी रेघ चुकवून पाठवली तर तशी वस्तू असूच शकत नाही, हे सुरी हातात घेतल्यावर लगेच कळतं. गणितातही पुरावा इतका रोखठोक मिळत नाही.

ही सगळी विद्या शास्त्र म्हणून मांडली ती अठराव्या शतकात फ्रान्सच्या गास्पार मोंजने. किल्ल्यांच्या बांधकामात तिचा इतका उपयोग व्हायचा की काही वर्षं ती लष्करी गुपित म्हणून झाकून ठेवली होती. पुढे १७९४ साली पॅरिसमध्ये एकोल पॉलिटेक्निक निघाली, तिथे मोंज ती उघडपणे शिकवू लागला. गुपित होतं ते आता पहिल्या वर्षाला शिकावं लागतं, याची मला गंमत वाटते.

एक घोळ मात्र आधीच निस्तरून घेतलेला बरा. हे व्ह्यू कागदावर मांडायच्या दोन पद्धती आहेत. फर्स्ट अँगलमध्ये टॉप व्ह्यू फ्रंट व्ह्यूच्या खाली येतो, थर्ड अँगलमध्ये वर. युरोपात पहिली पद्धत चालते, अमेरिकेत दुसरी. व्हिडिओ कुठल्या पद्धतीचा आहे ते न बघता शिकायला बसलं की डोक्याचं दही होतं.

दुसरी तयारी मोजमापाची. शाळेच्या व्हर्नियर कॅलिपरमध्ये मुख्य पट्टीवरच्या ९ मिलिमीटरचे सरकत्या पट्टीवर १० भाग केलेले असतात. त्यामुळे एकेका भागात ०.१ मिलिमीटरचा फरक पडतो आणि तेवढं बारीक माप घेता येतं. प्रॅक्टिकलच्या वहीत आम्ही हे सूत्र म्हणून पाठ केलं होतं. आता मी हाताला लागेल ते मोजते. कागदाच्या एका पानाची जाडी त्याने धड मिळत नाही, म्हणून शंभर पानांचा गठ्ठा जबड्यात धरायचा आणि भागायचं. गठ्ठा किती दाबला यावर उत्तर बदलतं, हे पुस्तकात नसतं. आणि सुरुवातीला जबडे मिटून दोन्ही शून्यं जुळतात का ते बघायचं. सरकतं शून्य उजवीकडे सरकलेलं असेल तर तेवढं वजा करायचं.

एककांबद्दल आमचे सर फार कटकट करतात असं वर्गाचं मत आहे. माझं मत ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’बद्दल वाचल्यावर बदललं. १९९९ मध्ये ते यान मंगळाजवळ पोचता पोचता नष्ट झालं. एका सॉफ्टवेअरमधून यानाच्या छोट्या इंजिनांच्या धक्क्याचे आकडे पाउंड-बल सेकंदात येत होते आणि पुढच्या हिशेबाने ते न्यूटन-सेकंद धरले. एक पाउंड-बल म्हणजे सुमारे ४.४५ न्यूटन. इतक्या फरकाने यान ठरल्यापेक्षा फार खालून गेलं. आता उत्तरापुढे एकक न लिहिता पुढे जायला माझा हात धजत नाही. कॅल्क्युलेटर रेडियनवर आहे की डिग्रीवर, हेही त्यातलंच. साइन ३० चं उत्तर ०.५ ऐवजी उणे ०.९८८ आलं की समजायचं.

कोडिंगचं म्हणाल तर थोडं पायथॉन बघून ठेवलंय, बाकीचं तिथे गेल्यावर.

सध्या गाडी आयसोमेट्रिकवर, म्हणजे वस्तूच्या तीन बाजू एकाच चित्रात दाखवण्यावर अडली आहे. आडव्या रेघेशी ३० अंशांचे दोन अक्ष आणि एक उभा, इथवर सेट स्क्वेअर निमूटपणे काम करतो. पण साबणातलं गोल भोक तिथे लंबवर्तुळ होतं. ते चार केंद्रं धरून कंपासने काढायचं असतं आणि माझे चार कंस काही केल्या एकमेकांना नीट भेटत नाहीत. दादा म्हणतो पेन्सिल बोथट आहे, कडक शिशाची २एच घे. मला वाटतं, ज्या चौकोनात ते लंबवर्तुळ बसवायचं तो चौकोनच चुकतोय. रविवारी दोन्ही करून बघणार आहे.